गोव्यातल्या वाटांवर माउंटन बाइकचा टायर किती रुंद हवा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात एका सकाळच्या फेरीत डांबर, जांभ्याचं पठार, काजूच्या बागेतली पायवाट आणि खाजनाचा (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा) बांध असं सगळं लागू शकतं. वर जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणून दुकानात नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथल्याच जमिनीच्या हिशेबाने घेतले आहेत.

एकच रुंदी सांगायची तर कोणती?

पुढे २.३५ इंच, मागे २.२५ इंच. चाक २७.५ चं असो की २९ चं, रिमची आतली रुंदी २३ ते ३० मिमी असेल तर बहुतेकांना हीच जोडी पुरते. सायकल सुरुवातीच्या किमतीतली असेल आणि रिम आतून १९ ते २१ मिमी असेल, तर दोन्हीकडे २.१ घ्या, फार तर पुढे २.२. त्याहून रुंद टायर त्या रिमवर चढतो, पण नीट चालत नाही. का ते पुढे येईलच.

रुंद टायरने नेमका फायदा काय होतो?

फायदा एकच, पण फार मोठा: हवा कमी ठेवता येते. पकड वाढणं, हादरे कमी बसणं, दगडावर चाक न उसळणं हे सगळं त्यातूनच येतं.

टायर जमिनीला जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतं. एका चाकावर ४० किलो भार आणि २८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असेल तर टेकणारा भाग साधारण २० चौरस सेंमी भरतो. तीच हवा २२ पीएसआयवर आणली की तो २५ चौरस सेंमीच्या वर जातो. टायर २.१ चा असो की २.४ चा, हा हिशेब फारसा बदलत नाही. रुंद टायरचा ठसा फक्त आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो.

मग रुंदी कशाला? कारण अरुंद टायर २२ पीएसआयवर चालवला तर जांभ्याच्या पहिल्याच कडेवर रिम आपटते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. रुंद टायर उंचही असतो, त्यामुळे दगड आणि रिम यांच्यात जास्त हवा राहते.

आता इथेच बहुतेकांचं चुकतं. नवा रुंद टायर बसवतात आणि हवा मात्र जुनीच भरतात. टायरच्या कापडावरचा ताण हा दाब आणि टायरची रुंदी यांच्या गुणाकाराने वाढतो, म्हणजे त्याच दाबात रुंद टायर जास्त कडक होतो. २.१ च्या टायरमध्ये २८ पीएसआय ठेवत असाल तर तेवढाच ताण २.३५ मध्ये सुमारे २५ लाच येतो. हवा उतरवणार नसाल तर रुंद टायरवर पैसे घालू नका.

टायरवर ५७-६२२ असं लिहिलंय. २९×२.२५ कुठे गेलं?

दोन्ही एकच. ५७ म्हणजे फुगवलेल्या टायरची मिमीमधली रुंदी, ६२२ म्हणजे रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास. खरेदीला हाच आकडा पाहा, कारण इंचांमध्ये घोळ होतात. २६ इंची माउंटन बाइकचा व्यास ५५९, २७.५ चा ५८४, २९ चा ६२२. साध्या सायकलवर २६×१⅜ असं लिहिलेलं असतं, त्याचा व्यास ५९० आहे. तो माउंटन बाइकच्या २६ वर बसणारच नाही. आकार दशांशात लिहिलाय की अपूर्णांकात, ते नीट वाचा.

छापलेली रुंदी आणि खरी रुंदी यांत २-३ मिमीचा फरक पडू शकतो. नवा टायर पहिल्या एक-दोन दिवसांत मिमीभर ताणतोही.

माझ्या रिमवर किती रुंद टायर चालेल?

आधी आतली रुंदी मोजा. टायर काढून रिमच्या दोन भिंतींमधलं अंतर व्हर्नियरने घ्यायचं, बाहेरून नाही. रिमवर ६२२×२५ असा शिक्का असेल तर २५ हीच आतली रुंदी.

१९ ते २१ मिमी: १.९५ ते २.२
२३ ते २५ मिमी: २.१ ते २.३५
२५ ते ३० मिमी: २.२५ ते २.५
३० ते ३५ मिमी: २.४ ते २.६
३५ ते ४० मिमी: २.६ ते ३.०

हे पट्टे एकमेकांत शिरतात आणि किंचित इकडेतिकडे चालतं. पण टोकाला गेलात की त्रास सुरू होतो. अरुंद रिमवर फार रुंद टायर बसवला तर तो वर फुगतो आणि बुडाशी निमुळता राहतो. वळणावर झुकलात की वरचा भाग एका बाजूला सरकतो आणि सायकल पायाखालून निसटल्यासारखी वाटते. मग माणूस घाबरून हवा वाढवतो, आणि रुंद टायर ज्यासाठी घेतला तो फायदाच हातचा जातो. ट्यूबलेस असेल तर कडेतून फस्सकन हवा निघून जाते.

उलट बाजूला, रुंद रिमवर अरुंद टायर चपटा होतो. कडेची बटणं (टायरवरचे रबराचे उंचवटे) वर येतात आणि टायरची पातळ बाजू बाहेर पडते. गोव्यात हे जास्त महाग पडतं, कारण जांभ्याची धार नेमकी तीच बाजू कापते.

रिम बदलली की त्याच टायरची रुंदीही बदलते. रिम ५ मिमीने रुंद झाली तर टायर साधारण २ मिमीने रुंद भरतो. फ्रेममध्ये आधीच जागा कमी असेल तर हे विसरू नका.

टायर फ्रेममध्ये मावेल का, हे विकत घेण्याआधी कसं कळणार?

६ मिमीची ॲलन की घ्या. सध्याचा टायर पूर्ण फुगवा आणि चाक हळू फिरवत ती की टायर आणि फ्रेम यांच्यामधून सरकवून पाहा. मागे चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्या) दोन्ही बाजूंना, सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दांड्या) आडव्या दांडीखाली, आणि पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) असेल तर त्याच्या पिंजऱ्यापाशी. पुढे फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) दोन्ही पायांशी आणि कमानीखाली. चाकाला किंचित आउट असेल, म्हणजे ते डुलत असेल, तर जिथे अंतर सगळ्यात कमी आहे तिथलं धरायचं.

आता गणित. टायर २.१ वरून २.३५ केला तर रुंदी ६ मिमीने वाढते, म्हणजे प्रत्येक बाजूला ३ मिमी कमी होणार. उंचीतही तेवढीच वाढ धरा. आज चेनस्टेपाशी ८ मिमी असेल तर ५ उरतील, म्हणजे कीच्या मापापेक्षा कमी. असा टायर घेऊ नका. पावसाळ्यात चालवणार असाल तर ६ मिमीही पुरत नाही, ८ ते १० हवेत. लाल चिकट माती टायरवर चढते, चेनस्टेमध्ये अडकते आणि तिच्यातले बारीक खडे फ्रेमचा रंग खरवडून काढतात. कार्बन फ्रेम असेल तर रंगावर थांबत नाही.

सस्पेन्शन फोर्कची वेगळी चाचणी आहे. एअर फोर्क असेल तर हवा सोडा, फोर्क पूर्ण दाबा आणि टायर वर क्राउनला (फोर्कचे पाय जोडणाऱ्या वरच्या भागाला) लागतो का पाहा. उभ्या सायकलवर भरपूर जागा दिसते, पण मोठ्या उडीनंतर टायर क्राउनला घासला तर चाक जागेवर अडतं. ही चाचणी टाळू नका.

पुढे रुंद आणि मागे अरुंद, असं का?

पुढचं चाक घसरलं की माणूस पडतो, मागचं घसरलं तर बहुधा सावरता येतं. शिवाय सायकल वळते आणि मुख्यतः थांबते ती पुढच्या चाकावर. मागच्या चाकावर वजन जास्त असतं आणि पायाचा जोर तिथे लागतो, म्हणून तिथे हलका आणि सहज फिरणारा टायर बरा. उलटी जोडी, म्हणजे मागे रुंद आणि पुढे अरुंद, कधीही लावू नका.

जांभ्याच्या पठारावर कुठला टायर चालतो?

गोव्यातल्या वाटांचा खरा कस इथे लागतो. कोरडा जांभा खडबडीत असतो आणि रबर त्याला छान धरतं. उघड्या कातळावर २.२५ चा साधा टायरही सरळ चढतो. अडचण कातळाची नाही, त्याच्यावर सुटून पडलेल्या गोल मुरमाची आहे. फरशीवर वाटाणे सांडावेत तसे हे खडे टायरखाली गरगरतात, आणि ब्रेक दाबला की चाक सरळ पुढे निघून जातं. इथे मधली बटणं कामाची नाहीत, कडेची बटणं उंच आणि टणक हवीत. पुढे २.३५ किंवा २.४, कडेच्या बटणांची रांग स्पष्ट दिसेल असा टायर घ्या. मधल्या आणि कडेच्या बटणांमध्ये फार रुंद रिकामा पट्टा असलेला टायर मात्र मुरमावर दगा देतो, कारण झुकताना मध्येच पकड नाहीशी होते.

डिचोली, सांगे बाजूच्या जुन्या खाणरस्त्यांवरही असंच आहे. खाली घट्ट जमीन, वर बारीक लाल धूळ. तिथे रुंदीपेक्षा बटणांची उंची जास्त कामाला येते, २.२५ पुरतो.

जांभ्याचा दुसरा त्रास म्हणजे धार. तुटलेल्या कडा टायरची बाजू कापतात. म्हणून सड्यावर (कातळाच्या पठारावर) नियमित जाणाऱ्याने २.६ चा पातळ टायर घेण्यापेक्षा २.३५ चा, बाजूला जादा थर असलेला टायर घ्यावा. वजन शंभरेक ग्रॅमने वाढेल, पण घरी चालत यावं लागणार नाही. करवंदीचे काटे आणि कळकाच्या चिपा मात्र टायरच्या मधल्या भागातून घुसतात. त्यांवर उपाय सीलंटचा, म्हणजे टायरमध्ये घालायच्या, भोकं बुजवणाऱ्या द्रवाचा.

पावसाळ्यात रुंद घ्यावा की अरुंद?

चिखल कसा आहे त्यावर. वर चार बोटं चिखल आणि खाली घट्ट जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो आणि पकडतो. तिथे १.९५ ते २.१, बटणं उंच आणि एकमेकांपासून लांब. रुंद टायर अशा जागी वरच्या वर तरंगतो. शिवाय बारीक, दाट बटणांच्या फटीत माती भरली की टायर गुळगुळीतच होतो, मग रुंदी कितीही असो.

पण काजूच्या बागेत, फणसाच्या मुळांवर, ओल्या पाल्यावर हिशेब उलटा आहे. तिथे कापून जायला काही नसतं, फक्त मऊ रबर आणि कमी हवा चालते. २.३५ ते २.४, नेहमीपेक्षा २ पीएसआय कमी.

शेवाळलेल्या जांभ्यावर कोणताच टायर धरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ओला कातळ काळा किंवा हिरवट दिसला की आधीच वेग कमी करा, चाक सरळ ठेवा आणि त्या पट्ट्यावर ब्रेकला हात लावू नका. वळण असेल तर उतरून चाला. रुंद टायर घेतला म्हणून इथे सूट मिळत नाही.

पावसाळ्यासाठी वेगळी जोडी घ्यायची नसेल तर फक्त पुढचा टायर बदला, पण तो मागच्यापेक्षा अरुंद नको. मागचा तसाच राहू दे.

किनाऱ्यावर चालवायची आहे. फॅट टायर लागेल का?

ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते. तिच्यावर २.२५ ही आरामात चालतो. सुक्या, भुसभुशीत वाळूसाठी मात्र ३.८ ते ४.८ इंची फॅट टायर आणि ५ ते १० पीएसआय लागतात. मधले २.८ किंवा ३.० तिथे थोडंसं पुढे नेतात आणि मग रुततातच. फॅट टायर साध्या फ्रेममध्ये बसत नाहीत. फ्रेम, फोर्क आणि हब सगळं वेगळं लागतं. महिन्यातून एकदा वाळूत जायचं म्हणून तो खर्च करू नये.

सुक्या वाळूतून सायकल नेऊ नये याचं आणखी एक कारण आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं भरतीच्या रेषेच्या वर, सुक्या वाळूत अंडी घालतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हे किनारे कासवांसाठी सोडा.

आणि किनाऱ्यावरून आल्याबरोबर सायकल गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी रिममध्ये शिरतं आणि स्पोकच्या निपलांना खातं.

माझं चालवणं जास्त करून डांबरावर आणि बांधांवर. मग?

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जायचं किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला, गावातल्या रस्त्यांवरून आणि खाजनांच्या बांधांवरून फिरायचं, एवढंच असेल तर १.९५ ते २.१ पुरे. मधली बटणं जवळजवळ आणि ठेंगणी असलेला टायर घ्या. डांबरावर उंच बटणं झिजतात आणि दमवतात. बांधावर पाऊस पडून गेला असेल तर माती इतकी मऊ होते की चाकाची चाकोरी पडते, आणि बांध खचण्याची सुरुवात अशाच चाकोरीतून होते. दोन दिवस थांबा.

हवा किती ठेवू?

७० किलोच्या माणसाने ट्यूब असलेल्या २.२५ वर पुढे २६ आणि मागे २९ पीएसआयपासून सुरुवात करावी. वजन दर ५ किलोला १ पीएसआय वर किंवा खाली. टायर २.१ असेल तर ३ ते ४ वाढवा, २.४ असेल तर २ कमी. ट्यूबलेस असेल तर आणखी ३ कमी. टायरवर किमान दाब छापलेला असेल तर त्याखाली जाऊ नका, आणि रिम व टायर यांच्या कमाल दाबांपैकी जो लहान तो तुमचा वरचा आकडा.

नेमका आकडा आपल्याच वाटेवर सापडतो. ओळखीचा, दगडाळ, दहा मिनिटांचा तुकडा निवडा. प्रत्येक फेरीला १ पीएसआय सोडा. रिम दगडाला टेकल्याचा ठोका ऐकू आला किंवा वळणावर टायर कडेला सरकतोय असं वाटलं की थांबा आणि २ वाढवा. तो आकडा लिहून ठेवा. मोठ्या पंपावरचा काटा २५ च्या खाली फारसा विश्वासाचा नसतो. छोटा डिजिटल गेज घ्या.

सायकल गाडीमागे लावून उन्हातून नेलीत तर वाटेवर पोचल्यावर पुन्हा मोजा. २५ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी वाढलं की दाब सव्वाएक पीएसआयने चढतो. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने भरू नका. तो मोटारीच्या टायरसाठी आहे आणि एका झटक्यात हवा मर्यादेबाहेर जाते.

ट्यूबलेस केलं तर रुंदीचा विचार बदलतो का?

थोडा. ट्यूब चिमटण्याची भीती गेल्याने २.२५ ट्यूबलेस हा ट्यूबवाल्या २.३५ इतकाच आराम देतो. त्यामुळे फ्रेममध्ये जागा नसेल तर टायर रुंद करण्याऐवजी ट्यूबलेस करा. मात्र रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले हवेत. साध्या रिमवर टेप लावून केलेला जुगाड कमी हवेत कडेतून सुटतो.

सीलंट २९×२.२५ ला १०० मिली, २.६ ला १२० ते १५० मिली. आपल्या उकाड्यात ते लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी वॉल्व्हचा कोर (आतला सुटा भाग) काढून काडी घालून पाहा. काडी कोरडी आली तर ५० ते ६० मिली घाला.

जुनी २६ इंची, व्ही-ब्रेकची सायकल आहे. २.३५ बसेल?

रिम आतून १७ ते १९ मिमीची असण्याची शक्यता जास्त, म्हणून २.१ वर थांबा. दुसरी अडचण ब्रेकची: रुंद फुगलेला टायर ब्रेकच्या दोन रबरांमधून बाहेर निघत नाही, दर वेळी हवा सोडावी लागते. या सायकलवर चांगल्या रबराचा २.१ आणि योग्य हवा एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

रुंद टायरने चढावर दम लागतो का?

केरीहून चोर्ला घाट चढताना २.६ आणि २.२५ मधला फरक कळतो. २९ इंची साध्या २.२५ चं वजन ६५० ते ८०० ग्रॅम, २.६ चं ८५० च्या पुढे. दर वेळी वेग घेताना ते वजन पायांवर येतं. दगडाळ चढावर मात्र रुंद टायर दगडावर उसळत नाही, त्यामुळे तिथे तो बरोबरीला येतो.

टायर बदलल्यावर सायकलचा मीटर चुकीचं अंतर दाखवतोय.

परीघ बदलतो. २९×२.१ साठी २२८८ मिमी आणि २९×२.३ साठी २३२६ मिमी असा आकडा भरतात. न बदलल्यास १०० किमीमागे दीड किमीहून जास्त फरक पडतो. अचूक हवा असेल तर वॉल्व्ह खाली ठेवून जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून एक पूर्ण फेरा पुढे न्या आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा.

बाजू कापली गेली. टायर फेकायचा का?

काप १ सेंमीपेक्षा लहान असेल तर जुन्या टायरचा तुकडा आतून लावून ट्यूब घाला आणि कमी वेगाने घरी या. असा तुकडा, दोन इंच बाय तीन इंच, बॅगेत ठेवाच. आतले धागे तुटले असतील आणि हवा भरल्यावर तिथे फुगवटा दिसत असेल तर तो टायर संपला. उतारावर तो फुटू शकतो.

दोन्ही टायर एकदम बदलायचे का?

गरज नाही. मागचा आधी झिजतो, जांभ्यावर तर फारच लवकर. मागची मधली बटणं निम्मी झाली की पुढचा मागे घाला आणि नवा टायर पुढे लावा. पुढचा २.३५ मागे नेण्याआधी चेनस्टेपाशी ६ मिमीची की पुन्हा फिरवून पाहा, आणि टायरच्या बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना ते बघूनच चाक घट्ट करा.